नांगर सुटला, खुरपं राहिलं

एक एकर रान लाकडी नांगराने नांगरायचं, तर माणसाला बैलांमागे साडेसव्वीस किलोमीटर चालावं लागतं. हिशेब साधा आहे. एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. नांगराचं तास जेमतेम सहा इंच रुंद. सहा-सहा इंचांच्या पट्ट्यांनी एवढी जमीन उलथायची, तर पट्ट्यांची एकूण लांबी तेवढी भरते. बिबवेवाडीहून बोपदेव घाट चढून सासवड गाठायचं, तर साधारण हेच अंतर पडतं. फरक इतकाच की नांगऱ्या ते ढेकळांतून, रुमण्यावर जोर देत चालायचा. बैल तासाला अडीच किलोमीटरांच्या आसपास चालतात आणि दिवसात पाच-सहा तासांपलीकडे त्यांना जुंपता येत नाही, म्हणून एकराला दोन दिवस लागत. आज ट्रॅक्टरमागचा दोन फाळांचा पलटी नांगर एका फेरीत दोन फूट जमीन उलथतो. अंतर साडेसहा किलोमीटर, तेही बसून. वळणं धरून दीड तासात एकर मोकळं होतं.

दोन दिवसांच्या जागी दीड तास आला, तेव्हा उरलेल्या वेळेचं काय झालं? तो कुणाला मिळाला आणि कुणाला मिळालाच नाही? मी हे बिबवेवाडीत बसून लिहितो आहे आणि इथे हा प्रश्न परका नाही. शेजारीच गुलटेकडीचं मार्केट यार्ड आहे. पुणे जिल्ह्याच्या सपाटीवर, दौंड, इंदापूर, बारामती, शिरूरमध्ये जे पिकतं आणि त्याहीपुढे सोलापूर-नगर-मराठवाड्यातून जे निघतं, त्यातलं बरंच इथे उतरतं. त्या मालाच्या वाटेनेच माणसंही आली. अप्पर इंदिरानगरच्या गल्ल्यांत गावाचं नाव विचारलं की उत्तर बहुतेक वेळा देशावरच्याच एखाद्या तालुक्याचं येतं. अनेकांच्या नावावर गावी अजून एकर-दोन एकर आहे.

आधी ताकदीचा हिशेब. कृषी अभियंते एका बैलाची ताकद ०.३८ किलोवॅट धरतात, माणसाची ०.०६ आणि सरासरी ट्रॅक्टरची २६.१. म्हणजे एका ट्रॅक्टरमध्ये ६८-६९ बैल आहेत. १९६०-६१ मध्ये देशातल्या शेतीला हेक्टरी ०.३ किलोवॅटच्या आसपास ताकद मिळत होती आणि तिच्यातला ९२ टक्के वाटा माणसांचा आणि जनावरांचा होता. आज हेक्टरी ताकद २ किलोवॅटच्या वर गेली आहे आणि सुमारे ९० टक्के वाटा इंजिनांचा आणि विजेचा आहे. १९६१-६२ मध्ये देशात फक्त ८८० ट्रॅक्टर तयार झाले होते. अलीकडच्या वर्षांत नऊ लाखांच्या आसपास विकले जातात.

महाराष्ट्रात या गोष्टीची सुरुवात ट्रॅक्टरच्या कितीतरी आधी झाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासते असं शेतकऱ्यांना वाटे, त्यामुळे पहिले नांगर विकायलाच दोन वर्षं लागली. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगर खोल जायचा, हराळी आणि कुंद्याची मुळं उपटायचा, पण त्याला चार-चार, सहा-सहा बैल लागायचे. ज्याच्या दावणीला दोनच बैल, त्याने शेजाऱ्याचे घ्यायचे आणि आपले द्यायचे. या वारंगुळ्यावर गाव चालायचं. पुढे विहिरीवर इंजिन आलं, मग विजेची मोटर, आणि मोट थांबली. २०२४ च्या मोफत वीज योजनेत राज्यातले साडेसात अश्वशक्तीपर्यंतचे ४४ लाखांवर कृषिपंप आले. मोटेचे बैल गेले, मग नांगराचे.

किती गेले, ते पशुगणना सांगते. २०१२ मध्ये देशात गोवंशातले नर ६ कोटी ७९ लाख होते. २०१९ मध्ये ४ कोटी ७४ लाख उरले. सात वर्षांत दोन कोटी पाच लाख, म्हणजे रोज आठ हजार. त्याच काळात गाईंची संख्या १८ टक्क्यांनी वाढली. दूध देणारं जनावर राहिलं, ओढणारं गेलं. महाराष्ट्रात एकूण गोवंश १ कोटी ५४ लाख ८४ हजारांवरून १ कोटी ३९ लाख ९३ हजारांवर आला. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे म्हातारा बैल विकून त्या पैशांत भर घालून नवा आणायची रीतही मोडली. पोळ्याला मातीची बैलजोडी आणून पूजा करणं ही शहरातली सोय होती. आता दावण रिकामी असलेल्या गावांतही तीच जोडी पुजतात.

बैल का गेला, याचं उत्तर ट्रॅक्टरच्या जाहिरातीत सापडत नाही, ते सातबाऱ्यावर सापडतं. १९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रात ४९ लाख ५१ हजार खातेदार होते आणि सरासरी खातं ४.२८ हेक्टरांचं होतं. २०१५-१६ मध्ये खातेदार १ कोटी ५२ लाख ८५ हजार झाले आणि सरासरी १.३४ हेक्टरांवर आली. एकूण जमीन तेवढीच राहिली, किंबहुना थोडी घटली. खाती मात्र तिप्पट झाली. १.३४ हेक्टर म्हणजे सव्वातीन एकर. एका बैलाला दिवसाला दहा-बारा किलो कोरडी वैरण लागते, म्हणजे जोडीला वर्षाला आठ टन. ज्वारीचा कडबा एकरी दोन टन धरला, तर जोडी जगवायलाच चार एकरांचा कडबा हवा. एवढं रान सरासरी शेतकऱ्याकडे नाहीच. त्यात बैल कामाला येतो वर्षातले जेमतेम शंभर दिवस आणि खातो तीनशे पासष्ट. ट्रॅक्टरने बैलाला हुसकलं असं आपण म्हणतो, पण वाटण्यांनी त्याला आधीच उपाशी ठेवलं होतं.

हाच हिशेब ट्रॅक्टरलाही लागू होतो. ट्रॅक्टर परवडायचा, तर तो वर्षाला हजार तासांच्या आसपास चालायला हवा. दोन्ही हंगामांची नांगरट, रोटाव्हेटर, पेरणी, मळणी धरून एकरी आठ तास मोजले, तरी सव्वातीन एकरांत तो सव्वीस तास चालेल. म्हणून एक जण घेतो आणि बाकीचे भाड्याने बोलावतात. पूर्वी पेरणीसाठी वाफशाची वाट बघायची, आता वाफसा आला की ट्रॅक्टरवाल्याच्या फोनची वाट बघायची. वारंगुळ्यात बैलांच्या बदल्यात बैल फिरत. भाड्याच्या व्यवहारात रोकड लागते, आणि ती नेमकी जूनमध्ये, जेव्हा घरात नसते. बैताच्या दाण्यावर गावचा सुतार आणि लोहार जगत होते. औत-पाभर गेली, तशी त्यांची बलुतीही गेली. आता वेल्डिंगचं दुकान आहे, पण ते तालुक्याच्या रस्त्यावर. शेणखताच्या जागी पोत्यातलं खत आलं. मळणी यंत्र बांधावर येऊन दोन तासांत रास करून जातं, त्यामुळे महिनाभर जागतं राहणारं खळं पुष्कळ गावांत उरलेलं नाही. याची हळहळ वाटते, तरी खळ्यात राबलेल्या कुणी मला अजून ‘ते दिवस परत यावेत’ असं म्हटलेलं नाही.

यंत्रं आली म्हणजे मजूर कमी झाले असतील, असं कुणालाही वाटेल. जनगणना नेमकं उलट सांगते. महाराष्ट्रात २००१ मध्ये शेतकरी १ कोटी १८ लाख होते आणि शेतमजूर १ कोटी ८ लाख. २०११ मध्ये शेतकरी १ कोटी २६ लाख झाले, तर शेतमजूर १ कोटी ३५ लाख. दहा वर्षांत २७ लाख मजूर वाढले आणि शेतमजुरांची संख्या शेतकऱ्यांच्या पुढे गेली. ट्रॅक्टर वेगाने पसरत होते, त्याच दशकात हे घडलं. एक कारण वर आलंच आहे: खातं इतकं लहान की मालकालाच दुसऱ्याच्या बांधावर जावं लागतं. दुसरं कारण यंत्रं कुठे आली आणि कुठे आली नाहीत, यात आहे.

देशात शेतीच्या यांत्रिकीकरणाची सरासरी ४७ टक्के सांगितली जाते. चीनमध्ये ती ६०, ब्राझीलमध्ये ७५ आणि अमेरिकेत ९५ टक्के आहे. पण ही सरासरी फोडून पाहायला हवी. जमिनीची मशागत ७० टक्के यंत्राने होते. पेरणी-लावणी ४० टक्के, कापणी-मळणी ३४ टक्के आणि खुरपणी-कोळपणी ३२ टक्के. आता ही कामं कोण करत आलं आहे, ते आठवा. नांगर, कुळव आणि पाभर पुरुषाच्या हातात असायची. खुरपणी, लावणी, वेचणी, काढणी बाईच्या वाट्याला. जिथे पुरुष चालत होता, तिथे यंत्र सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त आलं. जिथे बाई वाकत होती, तिथे ती अजून वाकलेलीच आहे. २०२३-२४ च्या श्रमशक्ती पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात काम करणाऱ्या पुरुषांपैकी ४९.४ टक्के शेतीत आहेत, बायकांपैकी ७६.९ टक्के. पुरुषाला नांगरातून मिळालेला वेळ घेऊन तो ड्रायव्हर झाला, गवंडी झाला, हमाल झाला, बिबवेवाडीत आला. बाईला वेळ मिळालाच नाही, म्हणून ती रानात राहिली.

कापसाचं उदाहरण घ्या. राज्यात कापसाखाली ४० लाख हेक्टरांच्या आसपास जमीन असते. वर्षाला १७० किलोंच्या ८० लाख गाठी धरल्या, तर रुई होते १३६ कोटी किलो. सरकी धरून कापूस त्याच्या जवळपास तिप्पट, म्हणजे ४०० कोटी किलो. एका बाईने दिवसाला ४० किलो वेचला असं मानलं, तर दहा कोटी दिवसांची वेचणी होते. आपल्याकडे ही जवळपास सगळी हाताने होते. सोयाबीनमध्ये तणनाशकाने खुरपणी बरीच कमी केली, हे खरं. पण तिथे बाईच्या हातात हलकं अवजार आलं नाही. तिचा रोजगार गेला आणि फवारणीचा पंप पुरुषाच्या पाठीवर चढला.

ऊसतोडीत हा प्रश्न सर्वांत धारदार होतो. एक ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघं मिळून दिवसाला दोन टनांच्या आसपास ऊस तोडतात. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची. मुकादमाची उचल आधीच घेतलेली, त्यामुळे आजारपणाची सुट्टी म्हणजे खाडा आणि खाड्याचा दंड. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. सहा बायकांमागे एक. हा आकडा वाचून पुढे जाता येत नाही. तोडणी यंत्राला विरोध करणाऱ्या प्रत्येकाने तो आधी समोर ठेवावा.

राज्याने २०२३ मध्ये ९०० ऊसतोडणी यंत्रांसाठी योजना आणली. किमतीच्या ४० टक्के किंवा जास्तीत जास्त ३५ लाख रुपये अनुदान, तरतूद ३२१ कोटी ३० लाख. एक यंत्र दिवसाला शंभर टन तोडतं असं धरलं, तर १२० दिवसांच्या हंगामात ९०० यंत्रं १ कोटी ८ लाख टन तोडतील. २०२३-२४ च्या हंगामात राज्यात सुमारे १० कोटी ७३ लाख टन गाळप झालं, म्हणजे दहावा हिस्सा. आणि शंभर टन म्हणजे पन्नास कोयते. ९०० यंत्रं ४५ हजार जोड्यांचं, नव्वद हजार माणसांचं काम घेतील. यंत्रमालकाला ३५ लाखांपर्यंत मिळतात. त्या जोडीला यंत्राच्या बदल्यात काय मिळतं, याचा रकाना योजनेत नाही. माझं स्पष्ट मत आहे की यंत्र यायलाच हवं, पण प्रत्येक यंत्रामागे सुटणाऱ्या पन्नास जोड्यांची उचल फेडण्याची आणि गावातच काम देण्याची तरतूद त्याच शासन निर्णयात हवी.

अनुदान कुणाला मिळतं, हेही पाहायला हवं. ट्रॅक्टरसाठी अल्पभूधारक, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि महिला शेतकऱ्यांना ५० टक्क्यांपर्यंत मदत आहे. ‘महिला शेतकरी’ हा शब्द कागदावर चांगला दिसतो. पण अर्ज करायला जमीन स्वतःच्या नावावर असावी लागते. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या खातेदारांपैकी बायका होत्या १३.९६ टक्के. शेतीत राबणाऱ्यांत त्यांचा वाटा केवढा आणि उताऱ्यावर केवढा! खुरपणारीचं नाव उताऱ्यावर नाही, म्हणून शासनाच्या लेखी ती शेतकरी नाही. ती शेतकरी नाही, म्हणून यंत्र मागू शकत नाही. आणि यंत्र मागणारा खुरपत नाही, म्हणून तो कोळप्यासाठी अर्ज न करता ट्रॅक्टरसाठी करतो.

यावरचा इलाज महाराष्ट्राला माहीत आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली आणि घरच्या लक्ष्मीच्या नावे जमीन करायला हजारो शेतकऱ्यांना तयार केलं. १९९२ मध्ये शासनानेही पत्नीचं नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लावण्याचा निर्णय काढला. बिबवेवाडीत, अप्परला, मार्केट यार्डाच्या आजूबाजूला राहणाऱ्या आणि गावी जमीन असलेल्या प्रत्येकाला म्हणूनच एक विनंती आहे. पुढच्या वेळी गावी जाल, तेव्हा उतारा काढा. तुमच्या मागे ते रान जी सांभाळते आहे, ती आई, बायको किंवा भावजय, तिचं नाव त्यावर आहे का ते पाहा. नसेल, तर त्याच फेरीत तलाठ्याकडे अर्ज देऊन या.