विश्लेषण : जुन्या माउंटन बाइकला मागचा डिस्क ब्रेक, घरी बनवलेल्या ॲडॉप्टरवर किती भरवसा ठेवायचा?

पावसाळ्यात सिंहगडावरून खाली येताना जुन्या माउंटन बाइकचा ब्रेक दाबला की पहिली काही मीटर काहीच होत नाही. रबराचे पॅड ओल्या रिमवरचे पाणी आणि लाल चिखल पुसतात, मगच पकड येते. तोपर्यंत वळण समोर आलेले असते. अशा वेळी मनात येते, की सायकल चांगली आहे, फ्रेम मजबूत आहे, मग हिलाच डिस्क ब्रेक का बसवू नये? पुढे सोपे आहे. डिस्कची सोय असलेला फोर्क घेतला की काम झाले. मागे मात्र फ्रेमच बदलावी लागते, किंवा ॲडॉप्टर बनवावा लागतो.

जुन्या फ्रेमची अडचण काय?

डिस्क ब्रेकच्या फ्रेमला मागे डावीकडे कॅलिपर धरणारे दोन कान असतात. जुन्या प्रचलित पद्धतीत त्यांच्या दोन भोकांमधले अंतर ५१ मिमी असते, पोस्ट माउंट पद्धतीत ७४ मिमी. शिमानोने १९९६ च्या सुमारास आणलेल्या व्ही-ब्रेकच्या काळातल्या बहुतेक फ्रेमना हे कान नाहीत. तिथे फक्त रिम ब्रेकचे दोन खुंट आहेत.

कान वेल्ड करून घ्यावेत, असे कुणीही सुचवते. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला ते करू नये. या मिश्रधातूची ताकद उष्णतेच्या प्रक्रियेतून आलेली असते आणि वेल्डिंगच्या आचेने तो भाग मऊ पडतो. पोलादी फ्रेमवर ते जमते, पण मागची नळी पातळ असते. मोटारीच्या सायलेन्सरवर हात बसलेल्या वेल्डरकडे ती भोक पाडून परत येण्याचीच शक्यता जास्त. म्हणून बोल्टने बसणारी पट्टी हाच मार्ग उरतो.

पट्टीवर जोर किती येतो?

इथेच बहुतेक घरगुती प्रयोग फसतात. २६ इंची चाकाची त्रिज्या टायरसकट सुमारे ३३ सेंटिमीटर. १६० मिमीच्या रोटरवर पॅड धरतो ती जागा आसापासून जेमतेम ७ सेंटिमीटरवर. म्हणजे टायर रस्त्याला २० किलोच्या जोराने अडवत असेल, तर कॅलिपरवर सुमारे ९० किलोचा जोर येतो. रिम ब्रेकमध्ये पॅड जवळपास चाकाच्या कडेलाच असतो, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही.

हा जोर पट्टीला आसाभोवती फिरवू पाहतो. तिला अडवायला दुसरे टोक फ्रेमच्या नळीला क्लॅम्पने बांधावे लागते. क्लॅम्प आसापासून १५ सेंटिमीटरवर असेल, तर त्यावर सुमारे ४४ किलो येतात. ५ सेंटिमीटरवर असेल तर १३० च्या पुढे. म्हणून पट्टी लांब हवी. पाण्याच्या पाइपला लावतात ती होज क्लिप इथे चालत नाही. दोन अर्ध्या भागांचा, नळीच्या मापाने कोरलेला क्लॅम्पच हवा.

पट्टी कशी बनवतात?

आधी चाक रोटरसह फ्रेममध्ये बसवतात, कॅलिपर हाताने रोटरवर धरतात आणि पुठ्ठ्यावर माप काढतात. पुठ्ठा दोन-तीनदा तरी फुकट जातो, तो जाऊ द्यावा. मग ६ मिमी जाडीची पोलादी किंवा ८ ते १० मिमीची चांगल्या प्रतीची ॲल्युमिनियम पट्टी कापून घेतात. भोसरीसारख्या औद्योगिक भागात लेझर कटिंग करून मिळते. कॅलिपरचे बोल्ट ६ मिमीचे, आसाचे भोक १० मिमीचे.

कॅलिपर शक्यतो मागच्या दोन नळ्यांच्या मधल्या कोनात बसवावा. तिथे ब्रेक लागताना आस वर, खाचेच्या आत रेटला जातो. तिरक्या नळीच्या मागे बसवला तर तोच आस खाली, खाचेच्या तोंडाकडे ढकलला जातो.

आणखी एक गोष्ट सहसा शेवटी कळते. क्विक रिलीजच्या पोकळ आसाचे टोक फ्रेमच्या खाचेत अवघे ५ मिमी बसते. मध्ये ६ मिमीची पट्टी घातली की चाकाला धरायला काही उरत नाही. त्यामुळे नट असलेला लांब, भरीव आस घेऊन पट्टी फ्रेमच्या बाहेरून बसवावी लागते. मग कॅलिपर रोटरपासून बाहेर राहतो. ती फट वॉशरच्या चळतीने भरली तर बोल्ट वाकतात. लेथवर पोलादी बुश करून घ्यावेत.

बाकी काय बदलावे लागते?

पट्टी हा खर्चाचा सर्वांत छोटा भाग आहे. जुन्या हबला रोटर बसत नाही, त्यासाठी ४४ मिमी वर्तुळावर सहा बोल्टची भोके असलेला हब लागतो. असे हब बहुधा १३५ मिमी रुंदीचे असतात. फ्रेम १३० मिमीची असेल तर पोलादी फ्रेम थोडी फाकवता येते, ॲल्युमिनियमची फाकवू नये. आरे एकमेकांना छेद देऊनच विणायचे, कारण आता ब्रेकचा पिळ हबकडून त्यांच्यातूनच जातो. केबलवर चालणारा कॅलिपर घेतल्यास व्ही-ब्रेकची लीव्हर सहसा चालते. त्याआधीच्या कँटिलिव्हर ब्रेकची लीव्हर मात्र केबल पुरेशी खेचत नाही.

मग एवढे करून फायदा किती?

जोरात ब्रेक लावला की वजन पुढच्या चाकावर जाते, म्हणून थांबवण्याचे मोठे काम पुढचा ब्रेकच करतो. मागच्या डिस्कने थांबण्याचे अंतर निम्मे होईल, ही अपेक्षा ठेवू नये. रिम झिजत नाही, चाक थोडे वाकडे झाले तरी ब्रेक घासत नाही, चिखलात पकड टिकते आणि लांब उतारावर रिम तापत नाही, हे फायदे खरे आहेत.

पुढच्या फोर्कवर मात्र घरगुती ॲडॉप्टर कधीही लावू नये. मागची पट्टी सुटली तर ब्रेक जातो, आणि ती आऱ्यांत अडकली तर चाक जाम होते. पुढचे चाक तसे जाम झाले तर स्वार हँडलवरून फेकला जातो.

बसवल्यावर आधी सायकल हातात धरून पुढे ढकलत ब्रेक दाबून पाहावा. पट्टी किंवा नळी हलताना दिसली तर काम तिथेच थांबवायचे. मग मोकळ्या मैदानात, मग छोट्या उतारावर. पहिल्या काही फेऱ्यांनंतर प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळावा आणि क्लॅम्पजवळच्या रंगाला बारीक रेघ पडली आहे का, ते उजेडात पाहावे. रेघ दिसली तर नळीला तडा जात असू शकतो. पट्टी काढून पुन्हा व्ही-ब्रेक जोडावा. त्यासाठी जुने चाक विकून टाकू नये.