ड्रिल बिट घेताना किंमत नाही, पोलाद बघा



फॅब्रिकेशन किंवा लेथचं वर्कशॉप टाकायचं ठरलं की मशीनच्या किमतीवर आपण महिनाभर चर्चा करतो. बिट मात्र काउंटरवर "जे स्वस्त असेल ते द्या" म्हणून घेतो. रोजचा नफा इथेच जिरतो.

आधी आपल्या बीडचं उदाहरण. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीलाच आपल्याकडे 'कोयता' म्हणतात. लोहार बरेचदा ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून कोयता घडवतो, तापवून पाणी देतो. त्या पोलादात साधारण अर्धा टक्का कार्बन असतो, म्हणून धार टिकते. पण ऊस तोडताना धार फारशी तापत नाही, लोखंड कापताना तापते. साधं कार्बन स्टील २०० ते २५० अंशांपुढे मऊ पडायला लागतं. म्हणून मशीनवरच्या टूलला वेगळं पोलाद लागतं.

एचएसएस (हायस्पीड स्टील): १९०० च्या सुमारास अमेरिकेत टेलर आणि व्हाइट यांच्या प्रयोगांतून हे पुढे आलं. आजच्या एम२ ग्रेडमध्ये साधारण ६ टक्के टंगस्टन, ५ टक्के मॉलिब्डेनम, ४ टक्के क्रोमियम आणि २ टक्के व्हॅनेडियम असतं. जवळपास ६०० अंशांपर्यंत कडकपणा टिकतो. एमएसच्या अँगल, चॅनेल, पाइपला हेच घ्या.

कोबाल्ट (एम३५): एचएसएसमध्ये ५ टक्के कोबाल्ट. स्टेनलेसच्या रेलिंग-गेटची कामं घेणार असाल तर हे हवंच.

कार्बाइड: हे पोलाद नाहीच. उष्णता जास्त सोसतं, पण ठिसूळ आहे. मजबूत लेथवर उत्तम. हातातल्या ड्रिलमध्ये थरथरीनं तुटतं.

चांगलं बिटही चुकीच्या स्पीडवर जळतं. एचएसएस बिटनं एमएसला होल पाडताना ८००० ला बिटच्या मिलिमीटरनं भागा. १० एमएमला साधारण ८०० आरपीएम आलं. स्टेनलेसला त्याच्या निम्म्याहून कमी ठेवा, दाब कायम द्या, कटिंग ऑइल सोडा. बिट नुसतं घासत राहिलं तर स्टेनलेस आणखी कडक होतं.

आता हिशोब. समजा ४० रुपयांचं बिट २० होल पाडतं आणि १२० रुपयांचं १००. पहिल्याचा खर्च होलमागे २ रुपये, दुसऱ्याचा १ रुपया २० पैसे. शिवाय बिट बदलायचा वेळ वाचतो तो वेगळा.

आजपासून वर्कशॉपमध्ये एक वही ठेवा: कोणतं बिट, कोणता माल, किती होल. महिन्याभरात काय घ्यायचं ते वहीच सांगेल.