पोचा आलेला छर्रा आणि चुकलेला नेम

आजचा प्रश्न पालकांकडून आलेला आहे. दहा मीटर एअर रायफल शिकणाऱ्या मुलांचे आईवडील विचारतात की डब्यातले काही छर्रे पोचे आलेले, कडेला दुमडलेले निघतात; त्यांनी नेम चुकतो का? मुलगा म्हणतो, "छर्रा खराब होता म्हणून आठ लागला." मग रोजच्या सरावालाही फोमच्या खणात एकेक बसवलेले महागडे मॅच छर्रे आणायचे का? प्रश्न घरखर्चाचा आहे, आणि मुलानं आपली चूक कुठे शोधायची याचाही आहे.

आधी छर्रा नीट बघू. व्यास ४.५ मिलिमीटर, वजन साधारण अर्धा ग्रॅम, शिशाचा. आकार अगदी डमरूसारखा: पुढे सपाट डोकं, मध्ये कंबर, मागे पोकळ पातळ घेर. नेमबाज त्याला स्कर्ट म्हणतात. सपाट डोक्यामुळे कागदी टार्गेटवर स्वच्छ गोल भोक पडतं. घेर पातळ ठेवतात तो मुद्दाम. मागून हवेचा दाब आला की तो फुलतो, नळीच्या भिंतीला चिकटतो, हवा निसटू देत नाही, आणि नळीतल्या पेचदार खाचांमुळे छर्र्याला स्वतःभोवती फिरकी मिळते.

आता गंमत बघा. घेर मऊ आणि पातळ म्हणून त्याला पोचा लवकर येतो. पाचशे छर्रे एका डब्यात सुटे, डबा स्कूटरच्या डिकीत, आणि रस्ते आपले! पण तो मऊ आहे म्हणूनच थोडासा पोचा नळी स्वतः काढते. किंचित लंबगोल झालेला घेर नळीत शिरताना आणि हवेच्या दाबाखाली पुन्हा बराचसा गोल होतो. म्हणजे डोळ्याला दिसणारा प्रत्येक पोचा टार्गेटवर दिसेलच असं नाही. कड आत दुमडली गेली असेल, टवका उडाला असेल, किंवा डोक्यालाच मार लागला असेल, तर मात्र नळी ते दुरुस्त करू शकत नाही.

टवक्यानं काय होतं? एका बाजूचं शिसं कमी झालं की वजनाचा मध्य छर्र्याच्या आसावरून सरकतो. नळीत असेपर्यंत छर्रा नळीच्या मध्याभोवती फिरतो, कारण भिंती त्याला दुसरं काही करू देत नाहीत. तोंडातून बाहेर पडला की सरकलेला वजनाचा मध्य त्या क्षणी ज्या दिशेला जात असेल, त्या दिशेला थोडा फेकला जातो. गोफणीतून दगड सुटतो तसंच.

किती फेकला जातो, ते साध्या गणितानं काढता येतं. छर्रा एक पूर्ण वेढा साधारण ४५ सेंटिमीटरमध्ये घेतो असं धरा. दहा मीटरला वजनाचा मध्य जितका सरकला, त्याच्या सुमारे १४० पट छर्रा बाजूला जातो. मध्य एक शतांश मिलिमीटर सरकला, तर टार्गेटवर १.४ मिलिमीटर. घेराच्या कडेवरून एक मिलिग्रॅम शिसं गेलं, तर सुमारे ०.६ मिलिमीटर. वेग या हिशोबात येतच नाही: वेग वाढला की फिरकी वाढते, पण उड्डाणाचा वेळ तितकाच कमी होतो.

आणि टवका कुठल्या बाजूला आहे हे बघून कोणी छर्रा भरत नाही. त्यामुळे एक गोळी डावीकडे, एक वर, एक खाली. साइट फिरवून ही चूक काढता येत नाही. सगळ्या गोळ्या एकाच बाजूला जात असत्या तर दोन क्लिकचं काम होतं.

दुमडलेल्या कडेतून हवा निसटली तर दुसरी चूक होते. वेग सेकंदाला १७० मीटरऐवजी १६५ झाला, तर छर्रा दहा मीटरला जवळजवळ एक मिलिमीटर खाली लागतो. ही चूक नेहमी खालीच.

एक-दीड मिलिमीटर म्हणजे किती मोठं? एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. दशांशांत गुण मोजताना मध्यापासून दर पाव मिलिमीटरला ०.१ गुण जातो. २०१६ साली रिओच्या अंतिम फेरीत अभिनव बिंद्रा आणि युक्रेनचा सेरही कुलिश यांची बरोबरी झाली. शूट-ऑफमध्ये कुलिशनं १०.५ मारला, बिंद्रानं १०.०. बिंद्रा चौथा राहिला. तिथे छर्र्याचा दोष होता असं मी अजिबात म्हणत नाही. पण तो अर्धा गुण म्हणजे टार्गेटवर सव्वा मिलिमीटर! म्हणून मोठे नेमबाज छर्र्याची एकेक बॅच रायफल शिकंज्यात पकडून तपासून घेतात. ती चैन नाही, गरज आहे.

मग आपल्या मुलाचं काय? इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. दोन वेगवेगळ्या कारणांनी होणारी विखुरणी सरळ बेरजेनं वाढत नाही, तिच्या वर्गांची बेरीज होते. तीन पावलं पूर्वेला आणि चार उत्तरेला गेलात तर मूळ जागेपासून पाचच पावलं लांब जाता, सात नाही. तसंच. नवशिक्याच्या गोळ्या स्वतःच्या हातानं दहा मिलिमीटर विखुरतात असं धरू. त्यात छर्र्याचे १.४ मिळवले तर होतात १०.१. कोणालाही कळणार नाही. निष्णात नेमबाजाची विखुरणी दीड मिलिमीटर असेल, तर तेच १.४ मिळवून ती दोनच्या पुढे जाते. एकच खराब छर्रा. एकाला काही फरक नाही, दुसऱ्याचं पदक जातं.

तेव्हा पहिल्या वर्षात आठ लागला तर छर्रा तपासण्याआधी ट्रिगर कसा दाबला ते बघायला हवं. साधा, बरा डबा सरावाला पुरतो. ग्रुपिंग घट्ट होऊ लागलं, दहाच्या आसपास सातत्य आलं, की मग निवडीला अर्थ आहे. निवड सोपी आहे: काचेवर छर्रा हलकेच घरंगळू द्या. चांगला छर्रा एकसारखा वळतो, मार लागलेला लंगडतो. लंगडे बाजूला काढायचे आणि सुरुवातीच्या वॉर्म-अपला वापरायचे. फेकू नका.

एका ताईंनी विचारलं, दुमडलेली कड टोकदार पेननं सरळ केली तर चालेल का? सरावाला चालेल. स्पर्धेत तो छर्रा भरू नका, कारण कड सरळ दिसली तरी तिथलं शिसं ताणून पातळ झालेलं असतं. आणि हे काम जेवणाच्या टेबलावर नको. शिसं हाताला लागतं, पोटात गेलं तर मुलांना बाधतं. छर्रे निवडून झाले की साबणानं हात धुवायला लावा, मगच डबा उघडायचा. म्हणजे खाण्याचा.