परवलीचा शब्द आणि अर्धा ‘ऱ’

आपल्या संगणकावरून दूरच्या संगणकात सुरक्षितपणे प्रवेश करण्यासाठी ‘एसएसएच’ ही पद्धत जगभर वापरतात. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातील तातू यल्योनेन यांनी ती १९९५ मध्ये तयार केली. प्रवेशासाठी पुष्कळदा परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, द्यावा लागतो. तो देवनागरीत ठेवला तर प्रत्येक ठिकाणाहून चालेल का? मी साहित्याचा अध्यापक. पण या प्रश्नाचे उत्तर बरेचसे आपल्या वर्णमालेतच असल्याने तो येथे मांडतो.

संगणक अक्षराचा आकार पाहत नाही, संकेतांक पाहतो. दूरच्या संगणकावर सहसा मूळ शब्द ठेवलेला नसतो. त्याच्या बाइटांपासून गणिताने काढलेला ठसा असतो. एक संकेतांक बदलला की ठसा बदलतो आणि प्रवेश नाकारला जातो.

व्याकरणाच्या तासाला मी ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ ही जोडी फळ्यावर लिहितो. पहिले गुरू, दुसरे स्वयंपाकी. दुसऱ्या शब्दातला अर्धा ‘ऱ’ युनिकोडमध्ये तीन प्रकारे लिहिता येतो: ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराचा पाय मोडून, ‘र’ला नुक्ता देऊन मग पाय मोडून, किंवा ‘र’चा पाय मोडून पुढे न दिसणारे जोडचिन्ह घालून. दिसायला तिन्ही सारखेच. कोणता प्रकार उमटेल हे कळफलकाच्या मांडणीवर ठरते. शिवाय पासवर्ड टंकताना अक्षरे दिसत नाहीत. त्यामुळे घरी चाललेला शब्द महाविद्यालयातल्या संगणकावर नाकारला गेला, तर चूक शोधायची कुठे?

एसएसएचच्या २००६ सालच्या मानकाने (आरएफसी ४२५२) ही अडचण ओळखली होती. पासवर्ड यूटीएफ-८ मध्ये पाठवणे त्याने बंधनकारक केले. साठवताना व ताडून पाहताना तो एकाच प्रमाणरूपात आणावा, ही मात्र केवळ शिफारस. त्यासाठी सुचवलेला ‘सॅसलप्रेप’ हा नियम पहिले दोन प्रकार एक करतो. पण जोडचिन्ह गाळतो. म्हणजे तिसऱ्या प्रकाराने लिहिलेल्या आचाऱ्यांचे थेट आचार्य होतात! २०१७ च्या आरएफसी ८२६५ मधील नवा नियम पाय मोडल्यानंतरचे जोडचिन्ह राखतो. त्यामुळे शब्द बिघडत नाही. तरी पहिला आणि तिसरा प्रकार वेगळेच राहतात. ‘ॲप’मधला ‘ॲ’ स्वतंत्र अक्षर म्हणून लिहिला किंवा ‘अ’वर अर्धचंद्र देऊन लिहिला, तरी युनिकोडचे प्रमाणीकरण त्यांना एक मानत नाही.

लांबीचाही प्रश्न आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक संकेतांक ३ बाइट घेतो. काना, मात्रा, वेलांटी यांची गणती वेगळी. युनिक्सची जुनी पद्धत पहिले ८ बाइटच पाही. त्यात तीन संकेतांकही पुरे मावत नाहीत. ‘बीक्रिप्ट’ ही पद्धत ७२ बाइट, म्हणजे २४ संकेतांक पाहते.

तूर्तास दूरस्थ प्रवेशासाठी साधी रोमन अक्षरे व अंक वापरणे शहाणपणाचे; देवनागरीच हवी असेल, तर निदान अर्धा ‘ऱ’ आणि ‘ॲ’ टाळावेत. पण हा कायमचा उपाय नव्हे. अर्धा ‘ऱ’ मराठीचा आहे; तो कोणत्या संकेतांकांनी लिहायचा, याचा आग्रह आपणच धरायला हवा. शुद्धलेखनाच्या चर्चेत आजवर आपण अक्षराचे दिसणारे रूप पाहिले. यापुढे त्या रूपामागचा संकेतांकही पाहावा लागेल.