अनाथांच्या माईंनी गाईंसाठी केंद्र का उभारले?

सिंधुताई सपकाळ म्हणजे वर्ध्याजवळच्या पिंपरी मेघे येथील गुराख्याची लेक. गुरे राखायला पाठवतो, असे सांगून वडील तिला शाळेत धाडत. शिक्षण चौथीपर्यंतच झाले. पुढे दिवस भरलेले असताना नवऱ्याने घराबाहेर काढले आणि गोठ्यातच त्या बाळंत झाल्या. तेव्हा एका गाईने इतर गुरांपासून आपले रक्षण केले, असे त्या भाषणांत सांगत. बोलून त्या थांबल्या मात्र नाहीत. गावोगाव भाषणे करून, पदर पसरून जमवलेल्या पैशांतून अनाथ मुलांची घरे झाली. तसेच वर्ध्याकडे गोपिका गाईरक्षण केंद्रही. 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. 4 जानेवारी 2022 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. लेकी, जावई, सुना, नातवंडे असा माईंचा गोतावळा तोवर शेकड्यांत गेला होता.