ग्रीन कार्ड, भारतातला मुक्काम आणि सहा महिन्यांचा हिशेब : गैरसमज आणि वस्तुस्थिती

“सहा महिने व्हायच्या आत एकदा जाऊन यायचं, म्हणजे कार्ड टिकतं.” कोथरूडपासून डोंबिवलीपर्यंत आणि तिकडे न्यू जर्सीतल्या एडिसनपर्यंत हे वाक्य ऐकू येते. सांगणारा आपुलकीने सांगतो, ऐकणारा विश्वास ठेवतो. त्याच भरवशावर सत्तरीतले आजी-आजोबा दरवर्षी दोनदा सोळा-सतरा तासांचा विमानप्रवास सोसतात. तरीही एखाद्या फेरीत विमानतळावरचा अधिकारी त्यांना बाजूला बसवतो आणि विचारतो, “तुम्ही नक्की राहता कुठे?”

अमेरिकन नागरिक असलेल्या, एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला किंवा मुलीला आईवडिलांसाठी ग्रीन कार्डाचा अर्ज करता येतो. या गटाला वार्षिक संख्येची मर्यादा नाही, म्हणून भावाबहिणींसारखी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागत नाही. कार्ड तुलनेने लवकर हाती येते. पण घर, नातेवाईक, डॉक्टर, भाजीवाला, सगळे आयुष्य इकडे असते. मग दोन्ही डगरींवर पाय ठेवून दिवस मोजणे सुरू होते. या मोजणीत नेमके काय मोजले जाते, हे नीट समजून घ्यायला हवे. चुकीच्या समजुतीची किंमत मोठी आहे आणि ती बहुधा म्हातारपणी मोजावी लागते.

गैरसमज १ : सहा महिन्यांतून एकदा अमेरिकेला जाऊन आलो की कार्ड सुरक्षित.

वस्तुस्थिती : असा नियम कुठेही नाही. ग्रीन कार्ड हा अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना आहे. ती व्यक्ती परदेशी गेली तर ती तात्पुरत्या भेटीसाठी गेली आणि आता घरी परत येत आहे, असे कायदा गृहीत धरतो. भेट तात्पुरती नव्हती असे दिसले, तर गैरहजेरी किती दिवसांची होती याला फारसा अर्थ उरत नाही.

या बाबतीत १९७५ सालचा ‘मॅटर ऑफ केन’ हा इमिग्रेशन अपील मंडळाचा निर्णय आजही पायाभूत मानला जातो. त्यातली स्त्री मूळची जमैकाची होती. ती वर्षातले सुमारे अकरा महिने जमैकात राहून तिथले आपले भाडेकरूंचे घर चालवत असे आणि कार्ड टिकावे म्हणून दरवर्षी महिनाभर अमेरिकेत येत असे. एकही गैरहजेरी वर्षभराची नव्हती. तरीही तिने कायम रहिवासाचा हक्क सोडून दिला आहे, असे मंडळाने ठरवले. तिचे खरे घर जमैकात होते आणि अमेरिकेची फेरी हीच तिची ‘भेट’ होती.

भेट तात्पुरती आहे की नाही, हे ठरवताना पाहिले जाते ते असे : जाण्याचे कारण काय होते, ते कधी संपणार होते, अमेरिकेत घर, कुटुंब, नोकरी, बँक खाते आणि विमा आहे का, टॅक्स रिटर्न भरले जाते का. भावाच्या मुलीचे लग्न, गुडघ्याचे ऑपरेशन आणि त्यानंतरची विश्रांती, वडिलोपार्जित जमिनीची वाटणी, या कामांना शेवट असतो. “तिकडची थंडी सोसत नाही,” “इकडेच बरं वाटतं,” या कारणांना शेवट नसतो. “कधीतरी कायमचे जाऊच” एवढी मनातली इच्छा पुरत नाही. परतण्याचा इरादा कागदांतून आणि वागण्यातून दिसावा लागतो.

गैरसमज २ : १८० दिवस उलटले की कार्ड आपोआप रद्द होते.

वस्तुस्थिती : हा पहिल्या गैरसमजाचा दुसऱ्या टोकाचा भाऊ. १८१ व्या दिवशी काहीही आपोआप रद्द होत नाही. बदलते ते एवढेच : १८० दिवसांपर्यंतच्या सलग गैरहजेरीनंतर परतणाऱ्याला सहसा ‘घरी परतणारा रहिवासी’ मानतात. त्याहून अधिक काळ गेला की कायद्याच्या दृष्टीने तो नव्याने प्रवेश मागणारा ठरतो, आणि प्रवेशाच्या अटी त्याला पुन्हा लावता येतात. प्रश्न वाढतात, कागद मागितले जातात. सात-आठ महिन्यांनी परतणाऱ्याजवळ लांबलेल्या मुक्कामाचे कारण सांगणारी कागदपत्रे असली, तर बहुतेक वेळा वाट मोकळी होते. हॉस्पिटलचे डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरांचे पत्र, कोर्टाची तारीख, आधी काढलेले परतीचे तिकीट आणि ते पुढे ढकलल्याची नोंद हँडबॅगेतच ठेवावी, चेक-इनच्या बॅगेत नव्हे.

गैरसमज ३ : एक वर्ष झाले, आता सगळे संपले.

वस्तुस्थिती : इथे प्रवासाचा कागद आणि रहिवासाचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. गैरहजेरी एक वर्षापेक्षा कमी असेल तरच प्लॅस्टिकचे कार्ड प्रवेशासाठी चालते. वर्ष पूर्ण झाले की त्या कार्डावर विमान कंपनी सहसा बसू देत नाही. रहिवासाचा हक्क मात्र त्या तारखेला आपोआप पुसला जात नाही.

अशा वेळी ‘रिटर्निंग रेसिडेंट’ व्हिसाची म्हणजे एसबी-१ ची वाट आहे. त्यासाठी अमेरिकन कॉन्सुलेटकडे डीएस-११७ हा अर्ज करावा लागतो. तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : निघताना कायम रहिवासी होतो, परतण्याचा इरादा तेव्हाही होता आणि नंतरही टिकला, आणि मुक्काम लांबण्याचे कारण आपल्या हाताबाहेरचे होते. तिसरी अट सगळ्यांत कठीण. कोरोनाकाळात भारताने मार्च २०२० मध्ये नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा थांबवली, ती २७ मार्च २०२२ ला पूर्ववत झाली. मधल्या काळात विशेष विमाने आणि ‘एअर बबल’ची विमाने उडत होती. त्यामुळे त्या काळात अडकलेल्यांनाही “कोरोना होता” एवढे म्हणून भागण्यासारखे नव्हते. आजारपण, रद्द झालेली तिकिटे, घरातला मृत्यू असे स्वतःचे कारण पुराव्यानिशी मांडणे गरजेचे होते. हा व्हिसा मिळतो, पण त्यावर विसंबून मुक्काम आखू नये.

गैरसमज ४ : गरज पडली तर भारतातून री-एंट्री परमिट मागवता येते, आणि ते असले की दोन वर्षे निर्धास्त.

वस्तुस्थिती : यातला पहिला भाग सर्वांत जास्त लोकांना अडचणीत आणतो. री-एंट्री परमिटचा अर्ज, म्हणजे फॉर्म आय-१३१, भरताना अर्जदार प्रत्यक्ष अमेरिकेत असावा लागतो. बोटांचे ठसेही सहसा तिथेच द्यावे लागतात. अर्ज भरून ठसे दिले की निघता येते, आणि मंजूर झालेले परमिट भारतातल्या अमेरिकन कॉन्सुलेटमधून घेता येते. पण पुण्यात बसून अर्जच करता येत नाही. म्हणून सून बाळंत होऊन बाळ सहा महिन्यांचे झाले, आता पुढचे वर्ष-दीड वर्ष आपल्या आईच्या आजारपणासाठी भारतात काढायचे आहे, असे ठरले की परमिटचे काम तिकिटाच्या आधी करावे.

परमिट जास्तीत जास्त दोन वर्षांचे असते आणि त्याची मुदत वाढवून मिळत नाही. नवे हवे असेल तर परत अमेरिकेत जाऊनच अर्ज करावा लागतो. आणि गेल्या पाच वर्षांतली चारपेक्षा जास्त वर्षे बाहेर गेली असतील, तर पुढचे परमिट बहुधा एकाच वर्षाचे मिळते.

‘निर्धास्त’ हा शब्दही तपासून घ्यावा. केवळ गैरहजेरी किती लांबली एवढ्यावरून हक्क सोडला असे ठरवण्यापासून परमिट वाचवते. पण बाकीचे सगळे चित्र, म्हणजे घर विकले, खाती बंद केली, कर भरला नाही, हे विरोधात बोलत असेल तर परमिटचा एकटा कागद ते झाकू शकत नाही.

गैरसमज ५ : परमिट घेतले की नागरिकत्वाची पाच वर्षेही मोजली जात राहतात.

वस्तुस्थिती : नाही. कार्ड टिकवणे आणि नागरिकत्वाला पात्र होणे हे दोन स्वतंत्र हिशेब आहेत. नागरिकत्वासाठी साधारणपणे पाच वर्षांचा सलग रहिवास लागतो, आणि त्या पाच वर्षांत किमान तीस महिने प्रत्यक्ष अमेरिकेच्या भूमीवर असणे लागते. अमेरिकन नागरिकाशी विवाह होऊन त्याच्यासोबत राहणाऱ्यांसाठी हाच हिशेब तीन वर्षे आणि अठरा महिने असा आहे.

सहा महिन्यांपेक्षा जास्त, पण वर्षापेक्षा कमी गैरहजेरी झाली तर सलगता मोडली असे गृहीत धरतात; पुरावे देऊन ते खोडता येते. वर्ष किंवा अधिक काळ बाहेर राहिले की ती मोडतेच, हातात वैध परमिट असले तरी. मग परतल्यापासून निदान चार वर्षे आणि एक दिवस थांबून अर्ज करावा लागतो. अमेरिकन सरकार, अमेरिकन कंपनी किंवा मान्यताप्राप्त संशोधन संस्था यांच्या कामासाठी परदेशी गेलेल्या काही जणांना एन-४७० हा अर्ज करून ही सलगता राखता येते. आईवडिलांच्या बाबतीत हा मार्ग सहसा लागू होत नाही.

एक साधा हिशेब करून पाहू. वर्षातले सात महिने नाशिकला आणि पाच महिने टेक्सासला, असे कोणी पाच वर्षे केले तर अमेरिकेतले महिने भरतात पंचवीस. तीसची अट पुरी होत नाही, आणि सात महिन्यांची प्रत्येक गैरहजेरी सलगतेवर प्रश्न उभा करते ती वेगळीच.

गैरसमज ६ : आम्ही भारतात राहतो, भारतात कर भरतो, अमेरिकेचा काय संबंध?

वस्तुस्थिती : संबंध पूर्ण आहे. कार्ड हातात आहे तोवर अमेरिकेचा करकायदा साधारणपणे तुम्हाला तिथला रहिवासी मानतो आणि जगभरातले उत्पन्न मोजतो. औंधच्या फ्लॅटचे भाडे, बँकेतल्या मुदतठेवींचे व्याज, शेअर विकून झालेला नफा हे सगळे त्यात येते. भारतात भरलेल्या कराची वजावट बहुतेक वेळा मिळते, पण त्यासाठी रिटर्न भरावे लागते. शिवाय अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांतली एकत्रित रक्कम वर्षात एकदाही १०,००० डॉलरपेक्षा जास्त झाली, तर ‘एफबार’ हे वेगळे विवरणपत्र भरावे लागते. निवृत्त शिक्षकाच्या किंवा बँक कर्मचाऱ्याच्या आयुष्यभराच्या ठेवी हा आकडा सहज ओलांडतात. ते न भरल्यास दंड मोठा असतो.

काहीजण कर वाचवण्यासाठी स्वतःला अनिवासी दाखवून रिटर्न भरतात. “मी अमेरिकेत राहत नाही,” हे आपल्याच सहीने लिहून दिल्यासारखे होते. पुढे नागरिकत्वाच्या वेळी तोच कागद विरुद्ध जातो.

गैरसमज ७ : कार्डावर २०३१ छापले आहे, म्हणजे तोवर काळजी नाही.

वस्तुस्थिती : ती तारीख कार्डाची आहे, हक्काची नाही. दहा वर्षांच्या कार्डाची मुदत संपली म्हणून रहिवास संपत नाही, आणि मुदत शिल्लक आहे म्हणून सोडून दिलेला रहिवास परत येत नाही. विवाहाद्वारे मिळालेल्या दोन वर्षांच्या सशर्त कार्डाची गोष्ट वेगळी : मुदत संपण्यापूर्वीच्या नव्वद दिवसांत अट काढण्याचा अर्ज करावाच लागतो. कार्ड भारतात हरवले आणि गैरहजेरी वर्षाच्या आतली असेल, तर आय-१३१ए अर्जाने विमानात बसण्यापुरता कागद मिळतो.

गैरसमज ८ : विमानतळावर अधिकाऱ्याने सही मागितली की करावीच लागते.

वस्तुस्थिती : लांबच्या प्रवासाने दमलेल्या, इंग्रजीत अडखळणाऱ्या माणसापुढे कधी कधी आय-४०७ हा फॉर्म ठेवला जातो. हे रहिवासाचा हक्क स्वेच्छेने सोडल्याचे पत्र आहे. ‘स्वेच्छेने’ हा त्यातला कळीचा शब्द आहे. सही करण्याची सक्ती नाही. हक्क सोडायचा नसेल तर शांतपणे सांगावे : “मी सही करणार नाही, मला इमिग्रेशन न्यायाधीशापुढे म्हणणे मांडायचे आहे.” मग नोटीस मिळते आणि प्रकरण न्यायाधीशापुढे जाते. रहिवास सोडल्याचे भक्कम पुराव्याने सिद्ध करण्याची जबाबदारी तिथे सरकारवर असते. अंतिम आदेश होईपर्यंत ती व्यक्ती कायम रहिवासीच राहते. आईबाबा एकटे निघाले असतील तर ही दोन वाक्ये मुलांनी त्यांच्याकडून आधी घोकून घ्यावीत. दुभाषा मागण्याचा संकोच करू नये. आणि कुठल्याही प्रश्नाला खोटे उत्तर कधीही देऊ नये. खोट्याची दुरुस्ती पुढे होत नाही.

मग ठरवायचे काय?

या आठही गैरसमजांच्या तळाशी एकच समजूत आहे : कायदा दिवस मोजतो, म्हणून आपणही दिवस मोजावेत. १८० दिवस, एक वर्ष, दोन वर्षे हे टप्पे महत्त्वाचे आहेतच. पण शेवटी विचारला जाणारा प्रश्न एकच असतो : तुमचे घर कुठे आहे?

ज्यांचे उत्तर अमेरिका आहे, त्यांनी तसे दिसू द्यावे. भाडेकराराच्या किंवा घराच्या कागदावर नाव, चालू बँक खाते, राज्याचे ओळखपत्र, दरवर्षीचे रिटर्न, आणि लांब जायचे झाल्यास आधी परमिट. प्रकरण गुंतागुंतीचे असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाचा सल्ला तिकीट काढण्याआधी घ्यावा.

आणि ज्यांचे मनापासूनचे उत्तर पुणे, नागपूर किंवा मडगाव आहे, त्यांना एक गोष्ट फार कमी वेळा सांगितली जाते : कार्ड सन्मानाने परत करता येते. स्वतःहून आय-४०७ भरून द्यावा आणि नातवंडांना भेटायला जाण्यासाठी पर्यटक व्हिसाचा अर्ज करावा. तो मिळेलच अशी हमी नसते, पण कार्ड स्वतःहून आणि वेळेवर परत केलेले असणे ही जमेची बाजू ठरते. पुढे परिस्थिती बदलली, जोडीदार गेला, एकटे राहणे जमेना, तर नागरिक असलेला मुलगा किंवा मुलगी आईवडिलांसाठी पुन्हा अर्ज करू शकते. आधी कार्ड परत केले एवढ्याने ही वाट बंद होत नाही.

दर सहा महिन्यांची ती फेरी अनेक घरांत प्रेमापेक्षा भीतीपोटी केली जाते. सुजलेले पाय, बदललेली झोप, अर्धवट राहिलेले उपचार हे सगळे एका कार्डासाठी. त्यापेक्षा मुलांनी आणि आईवडिलांनी एकदा समोरासमोर बसून, उरलेली वर्षे कुठे आणि कुणाबरोबर काढायची, हे बोलून घ्यावे. ते ठरले की कोणता अर्ज कधी करायचा हेही ठरते, आणि पुढचे तिकीट मग नातवंडांच्या सुट्ट्या पाहून काढता येते.