वादळी पावसाचे वर्णन : लेखनापूर्वीची आखणी

वळवाचा पाऊस होऊन गेला की वरच्या वर्गांतून त्यावर निबंध घेण्याचा प्रघात पुष्कळ शाळांत आहे. परंतु वह्या तपासू लागल्यावर एक चमत्कारिक गोष्ट दृष्टीस पडते. आदल्या दिवशी ज्याच्या घराचे पत्रे उडाले, तो मुलगाही ‘आकाशात काळे ढग जमले, विजा चमकू लागल्या, मोर नाचू लागले’ अशीच वाक्ये लिहितो. गावच्या शिवारात मोर नसला तरी निबंधात तो नाचतोच. मुलाने वादळ पाहिलेले असते, कित्येकदा भोगलेलेही असते. पण आपण पाहिलेले लिहिण्याच्या योग्यतेचे आहे, असे त्याला वाटत नाही. वर्णनलेखनाच्या पाठात सुधारणा व्हावयाची ती येथेच.

या दोषाचे मूळ पुष्कळदा फळ्यावर असते. शिक्षक सद्‌हेतूने तयार मुद्दे लिहून देतात आणि मुले मुद्द्यांमधील जागा भरतात. आखणी शिक्षकांची व हस्ताक्षर मुलांचे, असा प्रकार होतो. आखणी मुलांनीच करावयाची, तर तिला स्वतंत्र तास दिला पाहिजे. पहिल्या तासात एकही वाक्य लिहवून न घेता केवळ सामग्री जमवावी व तिचा क्रम लावावा. लेखन दुसऱ्या तासास घ्यावे.

१. सामग्री

वादळ झाल्यानंतर एकदोन दिवसांतच, आठवण ताजी असताना, मुलांना वहीच्या पानावर चार रकाने आखण्यास सांगावे : काय दिसले, काय ऐकू आले, वास कसला आला, अंगाला काय जाणवले. रकान्यांत सुटे शब्द किंवा लहान तुकडेच लिहावेत. ‘वारा फार जोराचा होता’ असे कोणी म्हटल्यास शिक्षकांनी विचारावे, ‘ते कशावरून कळले?’ मग ‘दोरीवरची गोधडी बाभळीत जाऊन अडकली’ असे उत्तर येते. रकान्यात लिहावयाचे ते हेच. वळचण, पागोळ्या, आढे, खोपी असे घरचे शब्द आले, तर ते पाठ्यपुस्तकात नाहीत म्हणून खोडू नयेत.

२. क्रम

वळवाच्या पावसाला स्वतःचा क्रम असतो व त्याचे कारण मुलांना समजते. दुपारपर्यंत जमीन तापते. तिच्यालगतची दमट हवा हलकी होऊन वर चढते आणि तिचे उंच ढग बनतात. ढगातून पाऊस पडू लागला म्हणजे त्याबरोबर थंड झालेली हवा वेगाने खाली येते व जमिनीवर चहूकडे पसरते. म्हणूनच आधी धुळीचा लोट व गार वारा येतो, मागाहून टपोरे थेंब, मातीचा वास आणि मग सर. हे सांगून झाल्यावर रकान्यांतील प्रत्येक तुकड्यापुढे १ (आधी), २ (ऐन वेळी) किंवा ३ (नंतर) असा अंक घालावयास लावावा. निबंधाचे तीन परिच्छेद आपोआप तयार होतात.

विजेचेही असेच आहे. तिचा प्रकाश तत्काळ दिसतो. आवाज मात्र सेकंदाला सुमारे ३४० मीटर या वेगाने येतो, म्हणजे एका किलोमीटरला त्यास सुमारे ३ सेकंद लागतात. ‘पहिली वीज चमकल्यावर सावकाश नऊ अंक मोजले, तेव्हा गडगडाट झाला, पुढच्या वेळी तीनच मोजता आले’ असे मुलाने लिहिले, तर वादळ जवळ आले हे निराळे सांगावे लागत नाही. हे निरीक्षण पक्क्या इमारतीच्या आतूनच करावयाचे. झाडाखाली किंवा उघड्या माळावर उभे राहावयाचे नाही, हे निक्षून सांगावे.

३. जागा

वर्णन करणारा कोठे उभा आहे, हे आधी ठरले पाहिजे. एकाच जागेवरून जेवढे दिसले व ऐकू आले तेवढेच घेतल्यास वर्णन विस्कळित होत नाही. गोठ्याच्या दारात उभ्या असलेल्या मुलीची आखणी पुढीलप्रमाणे होऊ शकेल :

आधी : उकाडा, एकही पान हलेना, म्हैस दावे ओढू लागली.
ऐन वेळी : डोळ्यांत धूळ, पत्र्यावर गारा, आईची हाक ऐकू येईना.
नंतर : पागोळ्यांचे पाणी, अंगणात कैऱ्यांचा सडा, आजी भिजलेला कडबा पसरते.

किनाऱ्यालगतच्या शाळांत आखणी थोडी बदलते. चक्रीवादळाची सूचना आधी मिळते व त्याचा जोर काही तास टिकतो. म्हणून तेथे ‘आधी’ या भागात होड्या वर ओढून बांधणे, धान्य झाकणे, पाणी भरून ठेवणे ही तयारी येते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले आणि तेथील नारळ-सुपारीच्या बागांची मोठी हानी झाली. लहान वर्गांतील मुलांना त्याची आठवण नसेल. त्यांनी वरील चार प्रश्न घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून सामग्री आणावी.

ज्या घराचे मोठे नुकसान झाले आहे, तेथील मुलावर तेच वर्गात सांगण्याची सक्ती करू नये. त्याला दुसरा प्रसंग निवडू द्यावा. मात्र त्याने आपण होऊन लिहिले, तर शुद्धलेखनाच्या चुकांवर खूण करण्यापूर्वी शिक्षकांनी मजकुराविषयी त्याच्याशी दोन शब्द बोलावेत. आपण पाहिलेले कोणी वाचले व ते त्याला समजले, हा अनुभव मुलाला पुढील लेखनास प्रवृत्त करतो.

अशा दोनतीन आखण्या झाल्या म्हणजे मुले मुद्द्यांसाठी फळ्याकडे पाहत नाहीत. निबंधातील मोर मग आपोआप नाहीसा होतो. आणि एखाद्या गावात तो खरोखरीच नाचला असेल, तर कोणत्या बांधावर नाचला हेही वाचावयास मिळते.